अम्मीची जोहर कुठे गेली? (लांबचा विमानप्रवास आणि पाच वेळची नमाज)

कृष्णाकाठची | २४ नोव्हेंबर, रात्री १०:१५

मंडळी, सल्ला हवाय. धाकटा भाऊ न्यू जर्सीला असतो, त्याला मुलगी झाली. अम्मीला घेऊन मी १० डिसेंबरला निघतेय, तीन आठवड्यांसाठी. मिरज ते मुंबई गाडीने, मग रात्री दीडचं थेट विमान, पंधरा-साडेपंधरा तास. पासपोर्ट, व्हिसा, गुडघ्याच्या डॉक्टरांची चिठ्ठी, बाळाची दुपटी, चटणीचे डबे, सगळं झालं. अडलंय एकाच जागी.

अम्मी ६८ वर्षांची आहे आणि तिची नमाज कजा झालेली, म्हणजे वेळ टळून राहिलेली, मी तरी पाहिलेली नाही. अब्बा दवाखान्यात होते तेव्हा ती जिन्याखाली जायनमाज (नमाजची चटई) अंथरायची, वॉर्डबॉय वळसा घालून जायचे. आता रोज सकाळी चहा गाळता गाळता दुपारच्या नमाजेचा, जोहरचा, एकच प्रश्न, "विमानात जोहर किती वाजता गं?" फोनमधलं अ‍ॅप सांगलीची वेळ दाखवतं. न्यूअर्कची लावून दाखवली तर म्हणाली, "तिथं आपण पोचलोच नाही, मग तिथल्या वेळेनं कशी पढू?" यावर माझ्याकडे उत्तर नाही. वजूचं (नमाजेआधी हात-तोंड-पाय धुण्याचं) काय, किब्ला (मक्केतल्या काब्याची दिशा) कुठल्या बाजूला, आणि गुडघ्यामुळे ती घरी खुर्चीवर पढते, तेही आहेच. मोहल्ल्यातल्या मौलानांना विचारणार आहे, पण त्यांचा विमानप्रवास म्हणजे एकदाचा मक्केचा उमरा. ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी लिहा.

हळदबाजार | २४ नोव्हेंबर, रात्री १०:४०

दुबईला दहा वर्षं ये-जा केली. तीन तासांचं विमान, घड्याळात फरक दीड तासाचा. चढायच्या आधी पढायची नाहीतर उतरून. प्रश्नच कधी आला नाही. तुमचं प्रकरण वेगळं आहे. वाचतोय.

सातारी_मास्तर | २५ नोव्हेंबर, सकाळी ७:०५

मी नमाज पढत नाही, पण ३१ वर्षं भूगोल शिकवला आहे आणि हा प्रश्न निम्मा भूगोलाचा आहे. ताई, तुमच्या अम्मींचा आक्षेप अगदी बरोबर आहे. वेळ ठरणार ती विमान ज्या जागेवर आहे तिथल्या सूर्यावरून. सांगलीचं घड्याळ नको, न्यूअर्कचंही नको.

आता गंमत बघा. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते. विषुववृत्तावर हा वेग ताशी सुमारे १६७० किलोमीटर होतो, आपल्या सांगलीच्या अक्षांशावर १६०० च्या आसपास. उत्तरेकडे जाल तसा तो कमी होतो, कारण वर्तुळच लहान होत जातं. साधारण ५७ अंशांवर तो ९०० वर येतो, म्हणजे विमानाच्या वेगाइतका. मुंबईहून न्यूअर्कला जाणारं विमान नकाशावर दिसतं तसं सरळ पश्चिमेला जात नाही. ते वर चढतं, थेट साठीच्या अक्षांशाजवळून. तिथं पश्चिमेला उडणारं विमान आणि पुढं सरकणारी पहाट यांची बरोबरीची शर्यत असते. पहाट तुमच्या मागून धावत येणार, पण गाठणार नाही. त्यात डिसेंबर, उत्तरेला रात्र मुळातच लांब.

म्हणून माझा हिशोब असा. मुंबईत इशा, म्हणजे रात्रीची नमाज, पढून निघा. पुढची नमाज पहाटेची, फजर, तीही न्यूअर्क अगदी जवळ आल्यावर. दुपारची जोहर, दुपार उतरल्यावरची असर, सूर्यास्ताची मगरिब विमानात येणारच नाहीत. पंधरा तास नुसती रात्र.

परतीला मात्र सूर्य समोरून अंगावर येईल. तेव्हा दमछाक आहे. विमान किती वाजता सुटतं ते कळवा.

कृष्णाकाठची | २५ नोव्हेंबर, सकाळी ९:३०

परतीचं १ जानेवारी, तिथल्या रात्री साडेआठला. अम्मीला वाचून दाखवलं. गप्प बसली आणि म्हणाली, "मग त्या दिवशीची जोहर गेली कुठे?"

अज्ञानी_बालक | २५ नोव्हेंबर, दुपारी १२:१०

मनापासून विचारतो, खोड काढायला नाही. घरच्या घड्याळाने पाच वेळा पढून मोकळं का होत नाही? देवाला हिशोब पाचाचाच द्यायचा ना? माझी आजी रेल्वेतसुद्धा संध्याकाळी सातला शुभंकरोती म्हणायची, बाहेर ऊन असलं तरी.

मुल्लांचा_नातू | २५ नोव्हेंबर, दुपारी २:२०

प्रश्न चांगला आहे. मी मौलवी नाही, पण आजोबा गावच्या मशिदीत चाळीस वर्षं होते, त्यांच्या मांडीवर जे ऐकलं आणि नंतर जे वाचलं ते लिहितो.

कुरआनात सूरह निसाच्या १०३ व्या आयतीत नमाज ठरलेल्या वेळांवर बांधलेली आहे, आणि त्या वेळा आकाशातल्या आहेत. पूर्वेला उजेडाची आडवी पट्टी फुटली की फजर. सूर्य डोक्यावरून ढळला की जोहर. सावली ठरावीक लांब झाली की असर. सूर्य बुडाला की मगरिब, संधिप्रकाश विझला की इशा. म्हणून वेळ यायच्या आधी पढलेली नमाज धरत नाहीत, आणि जी वेळ तुमच्यावर आलीच नाही तिची नमाज तुमच्यावर फर्जही (बंधनकारकही) होत नाही. अम्मींना सांगा, जोहर कुठे गेली नाही. ती मिरजेत राहिलेल्यांची होती. त्यांनी पढली.

याला अपवाद जिथे दिवस-रात्रीचं चक्रच मोडतं तिथे. सहीह मुस्लिम या संग्रहात हदीस (पैगंबरांचं वचन) आहे. दज्जालच्या (कयामतीआधी येणाऱ्या ठकाच्या) काळात एक दिवस वर्षाएवढा होईल असं पैगंबरांनी सांगितल्यावर सहाबांनी, म्हणजे त्यांच्या सोबत्यांनी, विचारलं, त्या दिवसात एका दिवसाची नमाज पुरेल का? उत्तर मिळालं, नाही, अंदाज करून पढा. उन्हाळ्यात जिथे रात्र नीट होतच नाही अशा उत्तरेकडच्या देशांत लोक याच हदीसच्या आधाराने वेळा ठरवतात. पण तुमच्या विमानात चक्र मोडत नाही. लांबतंय फक्त.

आता मुसाफिरीचं. वस्ती सोडली की कस्र, म्हणजे नमाज आखूड करणं, सुरू. जोहर, असर, इशाच्या चार फर्ज रकातींच्या (रकात म्हणजे नमाजेचा एक फेरा) दोन. फजरच्या दोन आणि मगरिबच्या तीन तशाच, इशानंतरच्या वित्रही तीन. किती अंतराचा प्रवास हवा यावर आमच्याकडे एका मशिदीत ७८ किलोमीटर म्हणतात, दुसरीत ९२. तुमची मुंबईच पावणेचारशे किलोमीटर, तेव्हा दोन्ही मशिदी खूश. भावाकडे तीन आठवडे राहायचा इरादा आहे, म्हणजे पंधरा दिवसांच्या वर. आपल्या हनफी मसल्याने (पंथाच्या नियमाने) तिथे पोचल्यावर अम्मी मुकीम, म्हणजे मुसाफिर नव्हे, नमाज पूर्ण.

गुहागरची_भाभी | २५ नोव्हेंबर, दुपारी ४:००

आम्ही कोकणी, शाफई पंथाचे. लग्नानंतर बारा वर्षं सांगलीत आहे, त्यामुळे घरात दोन्ही मसले नांदतात. आमच्यात प्रवासात जमा चालतं. जोहर-असर एकत्र, मगरिब-इशा एकत्र, दोन्हीपैकी कुठल्याही एकाच्या वेळेत. फजर तेवढी एकटीच. परतीच्या प्रवासात चार-चारदा उठण्यापेक्षा अम्मींनी जमा करावं. सासूबाईंना मी दरवेळी सांगते. त्या दरवेळी नाही म्हणतात.

मुल्लांचा_नातू | २५ नोव्हेंबर, दुपारी ४:२५

भाभी, सासूबाई हनफी आहेत म्हणून. आमच्यात खरं जमा फक्त हजला, अराफात आणि मुज्दलिफात. प्रवासात एक सोय आहे, जोहर अगदी शेवटच्या वेळेला पढायची आणि असर लागताच लगेच. दिसायला एकत्र, पण दोन्ही आपापल्या वेळेत.

दौऱ्यावरचा_इंजिनियर | २५ नोव्हेंबर, सायंकाळी ६:५०

मी जन्माने हनफी, आणि विमानात सरळ जमा करतो. महिन्यातून दोनदा परदेशात जावं लागतं. मधल्या सीटवरून शेजारच्याला दोनदा उठवण्यापेक्षा एकदाच उठवतो. एका मुफ्तीसाहेबांना विचारलं होतं, ते म्हणाले नमाज सोडण्यापेक्षा हे बरं. आता कुणी फतवा काढायचा तो काढा.

मुल्लांचा_नातू | २५ नोव्हेंबर, सायंकाळी ७:१५

फतवा कशाला काढू? पण "सोडण्यापेक्षा बरं" आणि "असंच करा" यात फरक आहे, आणि अम्मींना तो कळेल. जिन्याखाली जायनमाज अंथरणाऱ्या बाईला जमाचा सल्ला देऊन बघा.

गॅलीतला_गडी | २६ नोव्हेंबर, रात्री १:३०

मूळचा कराडचा. अकरा वर्षं केबिन क्रूमध्ये होतो, आता जमिनीवर. आमच्या बाजूचं सांगतो.

विमानाच्या मागच्या टोकाला गॅली असते, जिथं चहा-जेवणाच्या ट्रॉल्या ठेवतात. तिथं एक माणूस नीट उभा राहू शकतो. चढल्या चढल्या विचारून ठेवा, "आम्हाला मध्ये पाच मिनिटं जागा लागेल, कधी आलेलं बरं?" असं आधी विचारणाऱ्याला मी कधी नाही म्हटलं नाही. जेवणाच्या वेळी आलात तर मात्र माझ्या ट्रॉलीखाली जायनमाज. दरवाज्यासमोर किंवा वाटेत अंथरू नका, लोक अंधारात अडखळतात. पट्टा बांधायची खूण पेटली तर नमाज असो, बाथरूम असो, जागेवर बसायचं. सौदियाच्या काही मोठ्या विमानांत नमाजसाठी वेगळी जागाच ठेवलेली असते, दिशेचा बाणही पडद्यावर. बाकीच्यांत गॅली.

वजूबद्दल हात जोडून विनंती. विमानाच्या बाथरूममध्ये पाय बेसिनमध्ये घालू नका. एकदा एक काका तसे घसरले आणि कपाळाला टाके पडले. खाली तळं साचतं, पुढच्याचे मोजे भिजतात, आणि शिव्या आम्हाला. रिकामी स्प्रेची बाटली न्या. सुरक्षा तपासणीत १०० मिलीपेक्षा जास्त पाणी काढून घेतात, म्हणून रिकामीच न्या आणि आत गेल्यावर भरा.

मुल्लांचा_नातू | २६ नोव्हेंबर, सकाळी ८:४०

पायांचा प्रश्न चामडी मोजे सोडवतात. मुंबईत पाय धुऊन पूर्ण वजू करायचा आणि मोजे चढवायचे. पुढे वजू तुटला तरी मोजे काढायचे नाहीत, ओला हात वरून फिरवायचा. याला मसह म्हणतात. घरी असणाऱ्याला ही सवलत एक दिवस-रात्र, मुसाफिराला तीन दिवस-रात्री. साधे सुती मोजे चालत नाहीत, अम्मींना माहीत असेलच.

गुडघ्यांचं म्हणाल तर फर्ज नमाजेत उभं राहणं फर्ज आहे, ज्याला जमतं त्याला. अम्मींना उभं राहता येतं पण सजदा (कपाळ जमिनीला टेकणं) होत नाही, असं असेल तर गॅलीत उभ्याने सुरुवात करून रुकू (कमरेत वाकणं) आणि सजदा इशाऱ्याने, सजद्याला जास्त वाकायचं. उभं राहणंही अशक्य झालं तर सीटवर. हा वाद जुना आहे. विमानाच्या कितीतरी आधी जहाजावरून झालाय. इमाम अबू हनीफांनी चालत्या जहाजात बसून पढायला मुभा दिली, आणि त्यांचेच शिष्य अबू युसुफ आणि मुहम्मद म्हणाले, कारण असल्याशिवाय नाही. नफिल (ऐच्छिक) नमाज मात्र पैगंबर उंटावर बसूनच पढायचे, उंट जाईल त्या दिशेला. फर्जसाठी उतरायचे.

ठाम_मत | २६ नोव्हेंबर, सकाळी ११:००

[प्रतिसाद काढला आहे. धाग्याचा विषय नमाज पढावी की नाही हा नाही, विमानात कशी पढावी हा आहे. – व्यवस्थापक]

तासगावची_बेदाणी | २६ नोव्हेंबर, दुपारी ३:३५

माझाही एक किस्सा. मागे रमजानमध्ये पुण्याहून दिल्लीला जात होते. विमान धावपट्टीवर असतानाच सूर्य बुडाला, खजूर खाल्ला, पाणी प्यायले. मिनिटाभरात विमान उडालं आणि ढगांच्या वर आलं, तर समोर सूर्य! लालभडक, क्षितिजाच्या वर. पोटात गोळाच आला. रोजा तुटला की काय?

सातारी_मास्तर | २६ नोव्हेंबर, दुपारी ४:१०

तुम्ही खोटं बघितलं नाही. ३५ हजार फुटांवर क्षितिज सुमारे ३ अंश खाली जातं. सूर्याला ३ अंश उतरायला निदान १२ मिनिटं लागतात, उत्तरेकडे जास्तच. जमिनीवरच्या माणसाचा सूर्य बुडाला तरी वरच्याचा बुडालेला नसतो. दुबईच्या बुर्ज खलिफाचं तेच. २०११ च्या रमजानमध्ये तिथल्या मुफ्तींनी सांगितलं होतं की ८० व्या मजल्याच्या वर राहणाऱ्यांनी २ मिनिटं उशिरा रोजा सोडावा आणि १५० च्या वरच्यांनी ३ मिनिटं. एकाच इमारतीत तीन इफ्तार. म्हणूनच विमानात फोनमधलं खालच्या गावाचं वेळापत्रक मगरिबला चुकतं. खिडकीतून बघा.

रोजाचं मुल्लासाहेब सांगतील.

मुल्लांचा_नातू | २६ नोव्हेंबर, दुपारी ४:४५

रोजा झाला. जमिनीवर होतात, जमिनीवरचा सूर्य बुडाला होता, हुकूम तिथला. पण सूर्य बुडायच्या आधीच विमान उडालं असतं तर वरचा सूर्य बुडेपर्यंत थांबावं लागलं असतं.

चाळीतला_गॅलिलिओ | २६ नोव्हेंबर, रात्री ९:२०

अवांतर: अंतराळात काय करतात याची उत्सुकता होती म्हणून वाचलं होतं. २००७ मध्ये मलेशियाचे शेख मुझफ्फर अंतराळ स्थानकावर गेले. ते स्थानक दिवसाला पृथ्वीभोवती सोळा फेऱ्या मारतं, म्हणजे सोळा सूर्योदय. पाच गुणिले सोळा, ऐंशी नमाजा? मलेशियाच्या उलेमांनी आधीच पुस्तिका काढली. चोवीस तासांत पाचच, वेळा जिथून यान उडालं त्या बैकोनूरच्या. किब्ला जमेल तसा. आधी काबा, ते नाही जमलं तर काब्याच्या वरची रेषा, तेही नाही तर पृथ्वीकडे तोंड, नाहीतर कुठेही.

अज्ञानी_बालक | २६ नोव्हेंबर, रात्री ९:४५

म्हणजे अंतराळात घड्याळ चाललं आणि विमानात नाही. मजा आहे.

मुल्लांचा_नातू | २६ नोव्हेंबर, रात्री १०:०५

बालका, तिथे चक्र मोडतं. वरची दज्जालची हदीस परत वाच.

कृष्णाकाठची | ९ डिसेंबर, रात्री ११:००

उद्या निघतोय. मौलानांशी बोलणं झालं, बहुतेक सगळं तुम्ही लिहिलंत तेच. एक गोष्ट वाढवली. किब्ल्याकडे तोंड करणं अगदीच जमलं नाही आणि वेळ निघून चालली असेल, तर बसल्या जागी पढून घ्यायची, आणि एहतियात (खबरदारी) म्हणून उतरल्यावर ती पुन्हा पढायची. अम्मीने हे दोनदा वदवून घेतलं. चामडी मोजे मिरजेच्या बाजारात मिळाले. स्प्रेची बाटली भाचीच्या खेळण्यातली आहे, गुलाबी.

कृष्णाकाठची | १३ डिसेंबर, सकाळी ६:१०

पोचलो. मास्तर, तुमच्या पाया पडायचं बाकी आहे.

मुंबईत इशा दोन रकात आणि वित्र पढून चढलो. अम्मीला खिडकी दिली होती, डावीकडची, तुम्ही निरोपात सांगितलीत तशी. जेवण, झोप, जाग, पुन्हा जेवण, बाहेर काळोखच. अम्मीच्या मनगटावर मिरजेचं घड्याळ. दर तासाला ते बघायची आणि खिडकीला नाक लावायची. तिच्या घड्याळात दुपारचा एक वाजला तेव्हा खाली बर्फ आणि वर चांदण्या. "जोहर झाली असेल तिकडं," म्हणाली. मग तसबीह (जपमाळ) घेऊन बसली. ती जोहरची वेळ काढत होती हे मला कळत होतं, पण बोलले नाही.

उतरायला तास राहिला असेल, मी पेंगत होते. कोपरानं ढोसलं. "बघ." डाव्या खिडकीतून मान मागे वळवून पाहिलं तर पंखाच्या पलीकडे काळ्यात एक राखाडी रेघ. पाटीवर ओलं फडकं फिरवल्यासारखी. सुबहे सादिक, खरी पहाट. मागून धावत येणारी पहाट, मास्तर! अखेर तिनं गाठलंच.

गॅलीतल्या मुलीला आधीच सांगून ठेवलं होतं. ती म्हणाली, पट्ट्याची खूण दहा मिनिटांत पेटेल, आत्ताच या. किब्ला? समोरच्या पडद्यावर नकाशा होता, विमान नैर्ऋत्येला चाललं होतं. भावाने फोनवर सांगून ठेवलं होतं की त्यांच्याकडे किब्ला ईशान्येला. म्हणजे अगदी उलट, विमानाच्या शेपटीकडे. मागच्या गॅलीत, कॉफीच्या यंत्राकडे तोंड करून अम्मीने फजर पढली. एक हात कप्प्याच्या कडीवर. ती मुलगी पडदा धरून उभी होती.

बरं झालं वर पढली. खाली पासपोर्टच्या रांगेत दीड तास गेला आणि सूर्य सव्वासातलाच उगवला. त्या वेळी अम्मीच्या घड्याळात मिरजेची असर होऊन गेली होती.

सातारी_मास्तर | १३ डिसेंबर, सायंकाळी ५:३०

वाचून डोळे भरून आले हो. एकतीस वर्षं फळ्यावर गोल काढले, पण पहाटेची रेघ अशी कुणी वर्णन करून सांगितली नव्हती.

हळदबाजार | १३ डिसेंबर, सायंकाळी ७:००

एक शंका. किब्ला ईशान्येला कसा? मक्का न्यू जर्सीच्या खाली आहे नकाशात, आग्नेयेला हवा. मशीद चुकली तर नाही ना तिकडची?

सातारी_मास्तर | १३ डिसेंबर, रात्री ८:१५

मशीद चुकली नाही, भिंतीवरचा नकाशा चुकतो. एक मोसंबं घ्या. अमेरिकेच्या जागी एक टाचणी, मक्केच्या जागी दुसरी, मधे दोरा ताणून धरा. दोरा आपोआप वरून, उत्तरेकडून जातो. न्यूयॉर्कहून तो उत्तरेपासून सुमारे ५८ अंश पूर्वेकडे निघतो. आपल्याकडे फरक लहान आहे म्हणून जाणवत नाही. सांगलीहून किब्ला नुसता पश्चिमेला नाही, पश्चिमेपासून साधारण १३ अंश उत्तरेला.

पडताळायचं असेल तर यंत्र नको. वर्षातून दोनदा सूर्य बरोबर काब्याच्या डोक्यावर येतो. २८ मेच्या सुमारास आपल्या दुपारी २:४८ ला आणि १६ जुलैच्या सुमारास २:५७ ला. त्या क्षणी सूर्याकडे तोंड केलं की किब्ला. जुलैत आपल्याकडे ढग, म्हणून मे बरा.

सतारमेकर_गल्ली | १३ डिसेंबर, रात्री ९:५०

प्रवासातली नमाज म्हटल्यावर मिरजकराला एकच गोष्ट आठवणार. १९३७ चा ऑक्टोबर. गायक उस्ताद अब्दुल करीम खाँ मद्रासहून पाँडिचेरीला रेल्वेनं निघाले होते. वाटेत छातीत दुखायला लागलं. सिंगपेरुमलकोइल नावाच्या लहानशा स्टेशनावर उतरले. सांगतात की फलाटावर अंथरूण घालून नमाज पढले, दरबारी रागात कलमा गायला आणि तिथेच गेले. त्यांना मिरजेत आणलं. मीरासाहेबांच्या दर्ग्यात आहेत, उरुसाला अजून गाणी होतात. विषयाला सोडून असेल तर काढून टाका.

कृष्णाकाठची | १४ डिसेंबर, सकाळी ५:२०

काढू नका. अम्मीला वाचून दाखवलं. तिचे आजोबा उरुसाला गाणं ऐकायला जायचे.

कृष्णाकाठची | ५ जानेवारी, दुपारी ३:००

परतीचं लिहायला उशीर झाला, माफ करा. दिवस-रात्र उलटी झालीय.

इशा न्यूअर्कला विमानतळावर पढून साडेआठला उडालो. मास्तर म्हणाले होते तसंच, सूर्य अंगावर आला. पाच तासांत खिडकी फिकट झाली, फजर. किब्ला जवळजवळ समोर होता, थोडा उजवीकडे. मौलाना म्हणाले होते ४५ अंशांच्या आत असलं तर चालतं. पण विमान डुगडुगत होतं, गॅलीत जाता येईना, म्हणून सीटवरच बसून, किंचित तिरपी होऊन. तासाभराने सूर्य वर आला. मी चहा मागितला, तो येऊन गार होतोय तोवर सूर्य डोक्यावर. अतिशयोक्ती नाही, सूर्योदयापासून दोन-अडीच तासांत जोहर! न्यूअर्कच्या घड्याळात पहाटेचे पाच. शेजारचे गृहस्थ पांघरुणात घोरत होते आणि आम्ही दुपारच्या नमाजला उठलो.

जोहर आणि असरला गॅलीत गेलो. दोन्हीत अंतर थोडंच, किब्ला दर वेळी आणखी उजवीकडे सरकलेला. जोहरला कोपऱ्यात तिरपं, असरला जवळपास उजव्या हाताच्या दरवाज्याकडे. अम्मीने विचारलं, "हे काबा फिरवतायत की आपल्याला?" मी पडद्यावरचा नकाशा दाखवला. आपण मक्केच्या उत्तरेकडून अर्धा वळसा घालत चाललो होतो. भाभी, तुमचं जमा मला तेव्हा फार आठवलं. अम्मीसमोर नाव काढलं नाही.

मगरिबला घोळ झाला. इराणच्या पुढे सूर्य बुडाला आणि त्याच वेळी पट्ट्याची खूण पेटली, ती विझेचना. किब्ला आता उजव्या खांद्याच्या मागे. वळणार कुठे? अर्धा तास वाट पाहून अम्मीने बसल्या जागी, विमानाच्या नाकाकडे तोंड करून तीन रकात पढल्या. तोंड पाडून बसली. मी सूरह बकराची ११५ वी आयत आठवून दिली, पूर्व-पश्चिम अल्लाहचीच, जिकडे वळाल तिकडे तोच. "मला पाठ आहे," म्हणाली. मुंबईला उतरल्यावर सामानाच्या पट्ट्याशेजारी मगरिब पुन्हा पढली, मग इशा. त्यानंतरच चेहरा नीट झाला.

चार नमाजा, सूर्योदय ते सूर्यास्त साडेपाच-सहा तास. जाताना पंधरा तासांत एक.

रात्री गाडीनं निघालो. साताऱ्यात चहा घेतला, पेठ नाक्यावर डुलकी. मिरजेत शिरताना फजरची अजान. घरात जायनमाज अंथरल्यावर अम्मीने खुर्ची ओढली आणि म्हणाली, "ही भिंत कुठं जात नाही, तेवढं बरं."

आता जेट लॅग. रोज रात्री अडीचला टक्क जाग. ती तहज्जूद (उत्तररात्रीची ऐच्छिक नमाज) पढते, मी छत बघते.

अज्ञानी_बालक | ५ जानेवारी, दुपारी ४:१५

अम्मींना नमस्कार. मी आजीचा सातचा दिवा आठवत बसलो.

सातारी_मास्तर | ५ जानेवारी, सायंकाळी ६:००

वहीत मार्ग आखून पाहिला. फजर समोर, जोहर तिरपी, असर उजवीकडे, मगरिब खांद्यामागे, चारही जुळतात. नववीच्या वर्गासाठी याहून चांगलं उदाहरण मला नोकरीत कधी मिळालं नाही.

वाळव्याचा_पाव्हणा | ६ जानेवारी, सकाळी १०:३०

आजच सभासद झालो, हा धागा वाचूनच. फेब्रुवारीत अब्बांना घेऊन ऑस्ट्रेलियाला, मेलबर्नला चाललोय. ते पूर्वेला आहे ना? मग आमचा दिवस छोटा होणार का?

कृष्णाकाठची | ६ जानेवारी, सकाळी ११:०५

हो भाऊ, छोटा. पण तिकडं उन्हाळा असतो आणि वाट विषुववृत्तावरून, त्यामुळे आमच्याइतका नाही. अब्बांना खिडकी द्या. डावी की उजवी ते मास्तरांना विचारा. गुलाबी बाटली हवी असेल तर घरी आहे.